पुलावरूनच जावे

१८ जून १९७८, रविवार
आज सकाळी स्टेशनमागच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. चपला काढून एका लादीवर उभा राहिलो. लादी ओढणारा म्हणाला, "काय ओ मामा, ऊन चढलं का डोस्क्यात?" बाकीचे हसले. मीही हसल्यासारखं केलं. शंभर मोजेपर्यंत उभं राहायचं ठरवलं होतं. चाळिसालाच पाय आपले वाटेनात. पण लादी हलली नाही, वाकली नाही. बर्फ म्हणजे मला एवढाच ठाऊक. फरशीसारखा.

आमच्या अरुणला जाऊन बावीस दिवस झाले.

१९ जून, सोमवार
सीना नदी १ फूट २ इंच. पुलाच्या खांबावरची पट्टी वाचली, वहीत चढवली. वीस वर्षं हेच काम.

काल कारखान्यात का गेलो ते लिहून ठेवतो. शनिवारी व्यंकटेश ऑफिसात आला होता. अरुणचा मित्र, शहराच्या पूर्वभागातल्या विणकराचा मुलगा. दोघे मिळून मनालीच्या पुढच्या डोंगरात गेले होते, हौसेनं, शिखर चढायला. घरी यायची त्याला सोय नाही. अरुण गेल्याची तार आली त्यानंतर तो भेटायला आला, तर सौ.ने दारातच अडवलं. "तूच न्हेलास त्याला. आमच्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." पोरगं खाली मान घालून परत गेलं.

परवा त्याने अरुणची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या कप्प्यात माझं पत्र होतं.

पत्र आठवतं. अरुणने लिहिलं होतं, वाटेत नदी लागते, पाण्यातून जाता येतं, नाहीतर बर्फाचा पूल आहे. मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. "चि. अरुण यास अनेक आशीर्वाद. पूल असेल तर पुलावरूनच जावे. पाणी गुडघाभर दिसले तरी उतरू नये. माझा वीस वर्षांचा अनुभव आहे." लिहिताना कठड्याचा दगडी पूल डोळ्यांपुढे होता. वर थोडा बर्फ साचलेला.

व्यं. म्हणाला, "काका, तो कुणी बांधलेला पूल नसतो. थंडीत नदीवर बर्फ भरतो. मग पाणी त्याला खालून पोखरत जातं. वर राहतं त्याला पूल म्हणतात."

बर्फ पायाखाली कसा लागतो ते बघायला काल कारखान्यात गेलो.

२१ जून, बुधवार
१ फूट २ इंच. उरलेलं लिहितो. त्या दिवशी लिहवेना.

वाटाड्याचं म्हणणं होतं, इथंच राहू. पहाटे खाली जाऊ, तिथं पात्र रुंद आहे, हाताला हात धरून पाण्यातून पार होऊ. दुपारी पूल मऊ असतो. अरुणने पत्र काढून सगळ्यांना दाखवलं. हसत म्हणाला, "आमचे अण्णा नदीखात्यात आहेत. त्यांचा हुकूम मोडता येत नाही." पिशवी अलीकडे ठेवली. मी आधी बघून येतो म्हणाला.

व्यं. दोराची गाठ सोडवत होता. "चार पावलं गेला, काका. गाठ सुटली तेव्हा पुलाला भोक पडलं होतं, तो नव्हता."

विचारलं, "तू हे हिला का सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? तुमचं नाव येतं."

२९ जून, गुरुवार
२ फूट. व्यं.ने फोटो धुऊन आणले. एकात अरुण पाठमोरा, समोर शिखर. आपल्याकडे शिखर म्हणजे देवळाचं. माझे हात आपोआप जोडले गेले, मग खाली घेतले.

दुसऱ्यात तो पूल. पांढरी सपाट वाट, वर मेंढरांच्या लेंड्या. खालून पाणी येतंय, पण थोडं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिथं उभा असतो तरी म्हणालो असतो, जा.

सौ.ला फोटो दाखवले नाहीत. ते पत्रासोबत ऑफिसच्या खणात. किल्ली करगोट्याला.

४ जुलै, मंगळवार
सीना ४ फूट ३ इंच. गढूळ. पुलाशेजारच्या उतारावर एकाने बैलगाडी पाण्यात घातली. दर पावसाळ्यात मी वरून ओरडतो, पुलावरनं जा. आज तोंड उघडलं, आवाजच आला नाही. बैलांच्या पोटाला पाणी लागलं. मी कठडा धरून नुसता बघत राहिलो.

गाडीवान पलीकडे निघाला. वर बघून ओरडला, "काय सायेब, आज शिव्या न्हाईत व्हय? बरं हाय न्हवं?"

हात वर केला. त्याला वाटलं असेल रामराम.

आज बैल वाहून गेले असते तर तेही माझ्याच नावावर. बोलून एक, न बोलून दुसरं.

६ जुलै, गुरुवार
रजा टाकून अक्कलकोटला गेलो. मठात तासभर बसलो. सगळं सांगितलं. तिथं सांगणं सोपं, समोरून कुणी विचारत नाही की मग घरी का सांगितलं नाहीस.

येताना एस.टी.त ठरवलं, आज सांगायचं. दारात सौ. म्हणाली, "परसाद आणलासा?" प्रसाद दिला. अरुणच्या वाटणीचा तिने कोनाड्यात काढून ठेवला. नाही सांगितलं.

९ जुलै, रविवार
सौ.चा भाऊ तात्या माढ्याहून आला. जेवता जेवता आवाज चढला. "दाजी, तुमी लई थंड मानूस. पोर गेलं आन् तुमी पट्टी वाचताय. उद्या चार मानसं घिऊन त्याच्या बापाच्या मागाम्होरं बसतो. खरं काय त्ये वदवून घेतो."

म्हटलं, "त्या पोराचा दोष नाही."

"मग कुनाचा?"

मी भात कालवत राहिलो.

सौ. चुलीकडून म्हणाली, "जा तू तात्या. एवढंच इचार त्याला, माझं पोर म्होरं का घातलंस."

व्यं. मार खाईल, पण पत्राचं सांगणार नाही. हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच मी आजवर गप्प बसू शकलो. हे इथे लिहितोय, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

१० जुलै, सोमवार
सीना ७ फूट. पट्टी वाचून लगेच ऑफिसात गेलो, खण उघडला, सायकल घराकडे वळवली. तात्या ओसरीवर चपला घालत होता. बाहेर त्याची माणसं उभी. म्हटलं, "दोन मिनिटं बस. आधी हे ऐक." सौ.ला आतून बोलावलं. बस म्हटलं, ती बसली नाही.

पत्र वाचलं. चि. अरुण यास पासून खालच्या सहीपर्यंत. वीस वर्षांचा अनुभव तिथं जीभ अडली, पण तेही वाचलं. मग पूल म्हणजे काय ते सांगितलं. वाटाड्या काय म्हणाला ते. अरुण काय म्हणाला ते.

तात्या म्हणाला, "दाजी..." एक चप्पल पायात, एक हातात. थोड्या वेळाने बाहेर जाऊन माणसांना परत पाठवलं.

सौ.ने विचारलं, "तुमच्या हातचं हाय ह्ये?"

"होय."

"परत वाचा."

परत वाचलं.

तिने हात पुढे केला, पत्र घेतलं. तिला वाचता येत नाही. दुपार झाली. तात्या कोपऱ्यात बसून आहे. ती अजून खांबाला टेकून पत्र हातात धरून आहे. पत्र उलटं धरलंय. मी सरळ करून दिलं नाही.