भिंतीतली गुंतावळ

४ जानेवारी १९३५, कळसाडी

पुन्हा चोरी केली. पाचवी! शेजारच्या छबूकाकूंच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून त्यांची गुंतावळ काढली — विंचरताना गळलेले केस, बोटाभोवती गुंडाळून ठेवलेले. डोंगरातली रूपलीबाई सुया घेऊन येते, बायका सुयांच्या बदल्यात तिला ते देतात. ती शहाद्याच्या व्यापाऱ्याला विकते, तो वेणीत घालायची गंगावनं करतो.

मला मागता आलं असतं. पण मग गावभर झालं असतं, की मुदतीच्या तापात माझे केस गेले. आणि वीस तारखेला मला पाहायला येणार आहेत.

९ जानेवारी

रिठ्यानं धुऊन एकेक केस सोडवला. काळ्या दोऱ्यानं गाठी मारून हातभर गंगावन केलं. आरशात पाहिलं. लाज वाटली — आणि बरंही वाटलं. हे दुसरं लिहायला नको होतं. पण इथे तरी खोटं का लिहू?

१३ जानेवारी

रूपलीबाई आली. पाच घरची भोकं रिकामी!

छबूकाकू ओरडल्या, "सुया देना पडू नये म्हनीसन तूच लई गई!"

"मी सुया दिसन केस लेस," ती म्हणाली. "चोरू कसाले?"

मी दारातच होते. पदर घट्ट धरून.

१६ जानेवारी

छबूकाकूंच्या बाळाला ताप. वाहरू भगतानं दाणे टाकून पाहिले. म्हणाला, "चोरेल केसवर गाठी पडेल शेत."

घरी येऊन माझ्या गंगावनातल्या गाठी मोजल्या. बावीस.

मी सातवी पास आहे. गाठींनी ताप येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पुन्हा मोजल्या. बायका आता रूपलीबाईला चोर म्हणत नाहीत. डाकीण म्हणतात!

१८ जानेवारी

मायला सगळं सांगितलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "पाहुणा येई जाऊ दे. मंग सांगजो."

मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!

२० जानेवारी

पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं पदर सारून वेणी हातात घेतली. "केस काय सुंदर शेत पोरीना!"

तेवढ्यात बाहेर गलका. पुन्हा सुया घेऊन आलेल्या रूपलीबाईला पारावर ओढत आणलं होतं. कुणीतरी डोळ्यांत घालायला मिरची वाटून आणली होती. तिच्या सुया मातीत सांडल्या होत्या.

मी उठले. माय मागून हाक मारत होती. पारावर जाऊन पदर खाली घेतला, गंगावन सोडलं. "मी चोरले. सगळ्यांचे."

कोणी हसलं नाही. छबूकाकूंनी त्यातले आपले एक-दोन पांढरे केस ओळखले. रेवजी पाटलांनी रूपलीबाईला सोडायला सांगितलं. ती मातीतल्या सुया वेचत बसली. मी एक उचलून दिली. तिनं घेतली नाही.

पाहुणे चहा न घेताच गेले.

२३ जानेवारी

बाळाचा ताप उतरलेला नाही. छबूकाकू त्याला घेऊन आमच्या दारावरून गेल्या. मला पाहताच त्याचं तोंड पदरानं झाकलं. बरोबरच्या बाईला हळूच म्हणाल्या, "शिकेल शे ती. मंतर बी वाचता येत व्हई."