टेप बंद केल्यावर

धारूर, मंगळवार संध्याकाळ, ऑगस्ट १९९६



माझा थोरला भाऊ अण्णा अपघातात गेला, तेव्हापासून त्याचा जुना कॉम्प्युटर मीच चालू ठेवलाय. मी तो टीव्हीला जोडतो आणि अण्णानं स्वतः लिहिलेला सापाचा खेळ कॅसेटवरून भरून घेतो. खेळ कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला, म्हणून तो भरताना टेपरेकॉर्डर नुसता किरकिरतो. पडद्यावर साप आला की मी टेप बंद करतो. दर वेळी बंद करतो!

आज दुकानातून लवकर आलो, तर टीव्ही बंद आणि आई टेपला कान लावून ती किरकिर ऐकत बसलेली. हिला झालं तरी काय?

"आई, ह्ये काय ऐकतीस?"

"गप. आता येतंय."

किरकिर थांबली. आणि अण्णाचा आवाज, अगदी स्वच्छ: "आई, झालं माझं. वाढ, लई भूक लागलीय."

मी टेप मागं फिरवून पुन्हा ऐकली. खेळ कॅसेटवर साठवून झाल्यावर त्यानं कॉम्प्युटरची वायर काढली असणार, पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं आणि टेपच्या माईकनं त्याचं बोलणं टिपलं. आणि मी इतकी वर्षं तिथंच टेप बंद करत आलो?

"मला काहून सांगितलं न्हाईस?"

आईनं चकित होऊन विचारलं, "तू ऐकत न्हाईस व्हय? मग ती मिशीन कशापायी जपतोस रे?"