छबूच्या नावापुढचा शेरा

जिंतूर, ८ जुलै २०२४

ती. बाबांना मनिषाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

पाचवीला इतिहासाची साधनं शिकवायची होती. म्हटलं, पुस्तकातली चित्रं कशाला, अस्सल कागदच दाखवू. तुम्ही मास्तर होतात त्याच शाळेत माझी बदली झालेली. कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर काढलं आणि पोरांना आजी-आजोबांची नावं शोधायला लावली. लय रमली. तुमचं मोत्यासारखं अक्षर दाखवून मीही मिरवून घेतलं.

मग एकीनं खड्या आवाजात वाचलं, छबू व्यंकटी, इयत्ता चौथी, सन १९८४, सतत गैरहजर, शिक्षणाची आवड नाही, नाव कमी केले. अख्खा वर्ग हसला. बाबा, मीही हसले. छबूबाईची नात सृष्टी पहिल्याच रांगेत होती. आठवडा झाला, ती शाळेत नाही. म्हणे, आमच्या घरात कुणाला डोकंच न्हाई, तर येऊन काय करू. आधी मी पान वाचून बघायला हवं होतं. माझंच चुकलं.

छबूबाईचं काही चांगलं आठवत असेल तर कळवा, पोरीला सांगेन. आईशी भांडू नका.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
मनिषा

परभणी, १३ जुलै

चि. मनिषास अ. आ.

पत्र आल्यापासून चारदा काढून वाचलं. आई विचारायली, काय झालं म्हणून. तिला काय सांगू? तिलाही ठाऊकच आहे.

छबूला आवड नव्हती हे धादांत खोटं. पाढ्यांत तीच सगळ्यांच्या पुढं. तुझ्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली. आपली खोली शाळेच्या भिंतीला लागून. मी छबूच्या बापाला, व्यंकटीला म्हणालो, आठ दिवस पोरगी पाळण्याजवळ बसू दे. मास्तरला नाही कोण म्हणणार? आठ दिवसांचं वर्ष झालं. तपासणीला साहेब यायचे होते, काहीतरी कारण लिहिणं भाग होतं. मी ते लिहिलं. त्याच मोत्यासारख्या अक्षरात गं.

हे पत्र रजिस्टरशेजारी ठेवून वर्गात वाच. लिहिणारा कोण आणि त्याला काय लपवायचं होतं, हेही मुलांना विचारायला शिकव. पण आधी छबूला दे. तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

लोभ कमी झाला तरी तक्रार नाही.
तुझा बाबा

जिंतूर, १९ जुलै

ती. बाबांना सा. न.

तुमचा राग आला, माझाही आला. दोन दिवस पत्र पर्समध्येच घेऊन फिरले. मग छबूबाईच्या हातात दिलं. तिनं बोट ठेवून सावकाश वाचलं आणि घडी घालून परत दिलं. दुसऱ्या दिवशी सृष्टीचा हात धरून वर्गात आली.

मी पत्र वाचलं. पाळण्यातली ती पोर मीच, हेही सांगितलं.

मग सृष्टीनंच आजीला विचारलं, की तुला शाळेतलं काही आठवतं का. ती म्हणाली, की मास्तर रोज हजेरी घ्यायचे, भिंतीपल्याड समदं ऐकू यायचं. तिचं नाव आलं की ती हळूच हजर म्हणायची. जोरात म्हटलं तर बाळ उठलं असतं.

उत्तर लिहू नका बाबा, तुम्हीच या.

मनिषा