रागावर गवती चहा

४ मार्च, सकाळ
ही लेकीकडे निघून गेली. कारण काय, तर म्हणे माझं ओरडणं. मी ओरडत नाही, ठणकावून सांगतो. इतक्या वर्षांच्या संसारात हिला एवढा फरक कळू नये! परत यायची अट अशी : घरात शांतता हवी, आणि ती आहे असं वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी फोनवर कळवायला हवं. म्हणजे त्या चोंबड्याकडून मी आता वर्तणुकीचा दाखला घ्यायचा.
एका मासिकात वाचलं, गवती चहाने डोकं शांत होतं, पोट साफ राहतं, झोप लागते. कुंडी आणली. संकल्प : रोज तीन कप. आठवड्यात ही घरी.

५ मार्च
पहिला कप. वास लिंबासारखा, छान. राग नावालाही नाही. पातं काढताना बोट कापलं, तेवढं नर्सरीवाल्याला फोन करून ठणकावून सांगितलं. त्याने फोन ठेवला. उद्धट मेला.

८ मार्च
मास्तरांच्या ओल्या पायजम्याचं पाणी थेट माझ्या कुंडीत. औषधात साबण! गॅलरीतून त्यांना गवती चहाचे सगळे गुणधर्म समजावले. समोरच्या बिल्डिंगमधले लोकही ऐकायला बाहेर आले. लोकांना आरोग्याची आवड आहे.

१० मार्च
लेकीचा फोन. मास्तरांचा रिपोर्ट : सुधारणा नाही. डोस कमी पडतोय. आजपासून सहा कप.
ऑफिसात थर्मास नेला. माझी खिडकी वीजबिलाच्या तक्रारींची. एका बाईंचा पारा चढला होता म्हणून कप पुढे केला, तर म्हणाल्या आधी मीटर बघा. फुकटचं औषध नको यांना! मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या बाई चुकीचं बिलसुद्धा भरायला तयार आहेत, फक्त मला आवरा म्हणताहेत. जळतात सगळे.

१३ मार्च, रात्री
गवती चहाने राग जातो हे कोणी मानत नाही, त्याचाच राग येतो. मास्तरांच्या दारात उभं राहून शांतपणे पटवून दिलं. बराच वेळ लागला. घसा बसलाय.

१६ मार्च
आवाज पार गेला. मास्तरांनी कळवलं : शांतता आहे. दुपारी ही हजर! कुंडीकडे बघून म्हणाली, गुण आला हो या गवताला. मला पुष्कळ बोलायचं होतं. नुसती मान हलवली. ही जवळ बसून संध्याकाळपर्यंत बोलत होती. हिला इतकं बोलता येतं, मला ठाऊकच नव्हतं. बरं वाटलं.

१८ मार्च
ही स्वतः गवती चहा उकळून देते. घशाला चांगला म्हणाली. शेक बसतोय. वर पायजमा वाळत घातलाय. बघतोय मी.

१९ मार्च
औषध लागू पडलं. सकाळी पायजमा ठिबकला आणि आवाज एकदम खणखणीत निघाला. मास्तर आत पळाले.
ही दुपारच्या गाडीने गेली. घसा आता उत्तम आहे. घरात बोलायला कोणी नाही.