दाखल्याची वाट

नॉटिंगहॅम
६ सप्टेंबर २००४

ती. शशिदादास,
मधूचा सप्रेम सलाम.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझे ईमेल समर तुझ्याआधी वाचतो, म्हणून पुन्हा शाई आणि कागद. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाईला, मालविकाला सांग, तिने पाठवलेला चिवडा पोचला. शेंगदाणे तुझ्या मुलाने वाटेतच वेचलेले दिसतात.

आता मुद्द्याचं. अमेरिकेतून अॅरिझोनाहून पत्र आलंय. एलीनॉर नावाची बाई आहे, तिथल्या यावापाई लोकांच्या छोट्या प्रेस्बिटेरियन मंडळीत वडील आहे, म्हणजे मी इथे आहे तशी एल्डर. त्यांच्या मंडळीच्या सुरुवातीच्या दिवसांचा इतिहास ती लिहिते आहे. जुन्या वहीत तिला सांगलीच्या एका माणसाचं नाव सापडलं. सांगलीच्या पाळकांनी माझा पत्ता दिला. तो माणूस म्हणजे आपले आजोबा. याकोब लोंढे. ज्यांचं नाव बाबांनी घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरून ब्लेडने खरवडून काढलं, ते.

बाई नीट लिहिते. सैन्याने त्यांच्या लोकांना १८७५च्या हिवाळ्यात नदीकाठच्या मुलुखातून हाकललं आणि डोंगरातून दीडशेच्या वर मैल चालवत नेलं. पंचवीस वर्षांनी उरलेले परत आले. त्यानंतर मिशन आलं. आधी शेजारच्या पिमा जमातीतले ख्रिस्ती, मग गोरे पाळक. ते यायचे आणि दोन वर्षांत जायचे. त्यातले एक आपले लॅथमसाहेब, क्षयासाठी कोरडी हवा हवी म्हणून सांगलीहून तिकडे बदली झालेले. मिशनच्या सुतारशाळेतले आजोबा त्यांची शुश्रूषा करायला सोबत गेले. दोन वर्षांत परत येतो असं आजीला सांगून. पुढचं तुला माहीत आहे. लॅथमसाहेबांनी आपल्या रिपोर्टात लोकांचे नाच बंद पाडल्याचं अभिमानाने लिहिलंय. एलीनॉरने त्याखाली काही लिहिलेलं नाही, नुसती एक रेघ मारली आहे. मला ती रेघ आवडली.

तिने वहीच्या झेरॉक्स पाठवल्यात. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी हजेरी. १९१२ पासून १९३१ पर्यंत एकच ओळ: हिंदुस्थानचा याकोब, हजर, भोजन घेतले नाही, दाखल्याची वाट. म्हणजे आपल्या मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाताना सभासदाचा दाखला न्यावा लागतो, तो; त्याशिवाय प्रभूच्या मेजावरची भाकर घेता येत नाही. एकोणीस वर्षं वाट कसली बघतो माणूस? मी तिला लिहिणार आहे की हा गृहस्थ बायको-पोरगं टाकून पळाला, तिथे दुसरं घर केलं, आणि असल्याला कोणती मंडळी दाखला देईल. तरी बाबांची जी कागदपत्रं तुझ्याकडे आली त्यात काही असेल तर बघ.

लोभ आहेच. वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.
तुझी,
मधू


रीडिंग
१४ सप्टेंबर २००४

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. गुडघा पूर्वीसारखाच. जीपी म्हणतात थांबा, मी थांबतो. समर रोज सातच्या गाडीने लंडनला जातो, शेंगदाण्यांचा आरोप त्याने मान्य केला आहे. मालविका बागेत भेंडी लावून बसली आहे. एकच आली. तिचा फोटो पुण्याला गेला.

त्या बाईंना तू रागाने काही लिहू नयेस असे मला वाटते. आम्हाला काही माहिती नाही, एवढे लिहून मोकळी हो. बाबांच्या कागदात घरपट्टीच्या पावत्या आहेत, बाकी काही नाही. शंभर वर्षांपूर्वीचे उकरून कुणाचे भले होणार? आणि अगदी वाईटच माणूस होता असेही म्हणू नये. पदरचा वेळ घालून परक्या लोकांसाठी बावीस बाकं करणारा माणूस अगदी वाया गेलेला नसतो. तू कॉन्व्हेंटात नन्सकडून शिकलीस, त्यांनी इंग्रजी छान शिकवले, क्षमा तेवढी राहिली.

प्रकृतीस जपावे. थंडी सुरू झाली की हीटिंग लावावे, कंजूषपणा करू नये. लोभ असावा.
तुझा,
दादा


नॉटिंगहॅम
१७ सप्टेंबर २००४

शशिदादास,
सलाम.

मी तुला बाकांबद्दल काही लिहिलं नव्हतं. पुन्हा वाचून बघ. एलीनॉरनेही लिहिलेलं नाही. तिला बाकांचा आकडा माहीत नाही, कारण देवळाचं छप्पर कोसळलं तेव्हा निम्मी मोडली. मी काल तिला मुद्दाम फोन करून विचारलं.

तुला बावीस कुणी सांगितलं?

तीस वर्षं मी इस्पितळात वॉर्ड सांभाळलाय. पेशंट खोटं बोलतो तेव्हा आधी हवापाण्याचं बोलतो, मग माझ्या स्वभावाचं. तू भेंडीपासून सुरुवात केलीस.

उत्तराची वाट बघते. एकोणीस वर्षं बघणार नाही.
मधू


रीडिंग
२९ सप्टेंबर २००४

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद, तुला नको असले तरी.

बारा दिवस लागले. चार पत्रे लिहून फाडली.

एक पत्र्याचा डबा आहे. १९७१ मध्ये बाबा मिरजेच्या दवाखान्यात शेवटचे होते तेव्हा त्यांनी तो माझ्या हाती दिला आणि जाळ म्हणाले. उघडू नको म्हणाले नाहीत. मी उघडला, आणि जाळता आला नाही.

आत आजोबांची पत्रे आहेत. तीन मंडळीच्या नावे: १९१२, १९१३ आणि १९१६. तिन्हींत दाखला पाठवा अशी विनंती. आणि अकरा आजीच्या नावे. सगळी पाकिटे उघडलेली, पण आजीने उघडलेली नव्हेत. आजीचे वडील, आपले पणजोबा, मंडळीचे चिटणीस होते. टपाल देवळाच्या पत्त्यावर यायचे, त्यांच्या हाती पडायचे.

आजोबांनी दुसरे घर केले नव्हते. देवळामागच्या खोलीत एकटे राहत होते. लॅथमसाहेब १९११ मध्ये वारले. सरकार त्या लोकांना नदीकाठावरून पुन्हा हलवायच्या बेतात होते. आजोबा आजीला लिहितात की राहेल, यांना जो भेटला तो सोडून गेला, मी कोणत्या तोंडाने जाऊ, तू लेकराला घेऊन इकडे ये. बाकांचे त्यातच आहे. बावीस केली, तेविसावे तुझ्यासाठी ठेवले आहे, असे.

दाखला पाठवला तर जावई वहीतून गेला, कायमचा. नाही पाठवला तर तो घ्यायला तरी परत येईल, असे पणजोबांना वाटले असावे. तिन्ही अर्जांवर त्यांच्या हातचा एकच शेरा आहे: समक्ष येऊन न्यावा.

पणजोबा वारल्यावर, १९३६ मध्ये, डबा बाबांना सापडला. तेव्हा आजोबांना जाऊनही पाच वर्षे झाली होती. बाबा मला म्हणाले की आईला सांगितले तर तिचा बाप जातो, नाही सांगितले तर नवरा, आणि नवरा गेलेलाच होता. म्हणून त्यांनी सांगितले नाही. मीही तेच केले. पणजोबांच्या नावाची फरशी आज सांगलीच्या देवळात आहे.

रागाव, पण जेवून रागाव.
तुझा,
दादा


नॉटिंगहॅम
५ ऑक्टोबर २००४

श्री. शशिकांत लोंढे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण फरशीची काळजी केलीत हे वाचून समाधान वाटले. फरशी संगमरवरी आहे, तिला काही होत नाही. आजी संगमरवरी नव्हती.

आपल्याला आठवत असेल, टपालवाला आला की आजी अंगणातून उठून आत जायची. आपण हसायचो, की आजीला खाकी कपड्यांची भीती वाटते. तिच्यासाठी कधी काही येत नाही हे गल्लीला दिसू नये म्हणून ती जायची. आणि अकरा पत्रं आधी सात घरं टाकून तिच्या बापाच्या कपाटात होती, मग तिच्याच घरात. बाबा तिच्यासोबत एका ताटात जेवले, १९३६ पासून ती गेली त्या १९६२ पर्यंत, आणि बोलले नाहीत. तीन पुरुष आणि एक डबा. एकाने अब्रूसाठी दाबला, एकाने आईसाठी. आपण कशासाठी, ते पत्रात सापडलं नाही.

माझा हिशेब वेगळा आहे. डबा आपल्याकडे १९७१ मध्ये आला. इस्पितळाच्या लॅबमधल्या श्रीनिवासने मला १९७२ मध्ये लग्नाचं विचारलं. तो कॅनडाला निघाला होता, दोन वर्षांत नेतो म्हणत होता. समुद्रापलीकडे गेलेला पुरुष परत येत नाही, आमच्या घरात असा एक होऊन गेला, तेवढा पुरे, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. घरी येऊन ते आपल्याला सांगितलं. आपण काय म्हणालात ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणालात, शहाणी आहेस.

डबा तेव्हा आपल्या पलंगाखाली होता.

श्रीनिवासने खरंच नेलं असतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित मीच त्याला सहा महिन्यांत परत पाठवलं असतं. पण ज्या कारणासाठी मी नाही म्हटलं ते कारण खोटं होतं आणि ते आपल्याला ठाऊक होतं. शहाण्णव साली मी मंडळीच्या मासिकात आजोबांवर पळपुटा म्हणून दोन पानं लिहिली, ती छापण्याआधी आपण वाचलीत. त्यातल्या व्याकरणाच्या चुका काढून दिल्यात.

एलीनॉरचं दुसरं पत्र आलं. तिच्या आजीने सांगितलेलं आहे. आजोबांनी प्रभुभोजनाचं मेज स्वतः केलं होतं. भाकर बायकांनी विणलेल्या टोपलीतून बाकाबाकावरून फिरायची. त्यांच्यापाशी आली की ते दोन्ही हातांनी धरायचे आणि न घेता पुढच्याला द्यायचे. पाळकांनी म्हटलं होतं, नव्याने विश्वासाची कबुली दे, आजच सभासद करून घेतो. ते म्हणाले, तसं केलं तर मला मंडळीच नव्हती असं होईल. मला मंडळी आहे, सांगलीला. तिथून पत्र येईल.

नोव्हेंबरातल्या प्रभुभोजनाला त्यांचं नाव सभासदांत लिहावं अशी तिच्या मंडळीची इच्छा आहे. कुटुंबाकडून काही कागद मिळेल का, असं ती विचारते. डबा रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवावा. माफी मागायची असल्यास समक्ष येऊन मागावी, टपालाने स्वीकारली जाणार नाही.

कळावे. लोभाचा विषय तूर्त बंद.
मधुमती लोंढे


रीडिंग
१२ ऑक्टोबर २००४

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

डबा सोबत आहे. समरने बांधला. आत काय आहे ते त्याला सांगितले. त्याने विचारले की आत्याला हे माहीत नव्हते?

तळाशी बघ. एक कागद आहे, त्याचे मी तुला सांगितले नव्हते. दाखला लिहिलेला आहे. १२ मार्च १९१३, पणजोबांच्या हातचा, सही आणि मंडळीच्या शिक्क्यासकट. याकोब लोंढे यांची वर्तणूक चांगली असून ते मेजाचे भागीदार आहेत. पाकिटावर अॅरिझोनाचा पत्ता आणि तिकीटसुद्धा. म्हणजे एक दिवस तरी तो माणूस टपालपेटीपर्यंत गेला होता. त्याचे काय झाले मला माहीत नाही. माझे मला माहीत आहे. मीही गेलो होतो, तू श्रीनिवासचे सांगितलेस त्या रात्री, तुझ्या खोलीच्या दारापर्यंत. मग वाटले, तू गेलीस तर या घरात मी एकटा. कशासाठी, असे विचारलेस, ते एवढेच आहे.

नॉटिंगहॅमला यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि जिना उतरायला मला दोन माणसे. समक्ष येणे या हिवाळ्यात जमेलसे वाटत नाही. तरी तू म्हणशील तर येईन.
तुझा,
दादा


नॉटिंगहॅम
२२ नोव्हेंबर २००४

शशिदादास,

वर ‘ती.’ लिहायला हात अजून तयार नाही. जेवढं जमलं तेवढं.

अकराही पत्रं वाचली. एका बैठकीत वाचायची नव्हती, वाचली. मग दाखला वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हा तारखेपासून एक वर्ष चालेल. म्हणजे मार्च १९१४ मध्ये मुदत संपली. मी एल्डर आहे, नियम मला तोंडपाठ आहेत. म्हणून एलीनॉरला कागद पाठवताना मुदतीचं सांगून टाकलं. लपवालपवी आपल्या घरात पुरेशी झाली. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. वाट आम्ही पाहिली, तारीख आम्ही बघणार नाही.

सात तारखेच्या रविवारी नाव लिहिलं. टोपली फिरली तेव्हा एका बाकाच्या टोकाला जागा रिकामी ठेवली होती. टोपली तिथे क्षणभर ठेवून मग पुढे दिली, म्हणते. आजीसाठी तेविसावं बाक होतं, हे मी तिला कळवलं. त्याचं काय झालं ते तिलाही माहीत नाही. मासिकाला माझी दुरुस्ती गेली आहे, व्याकरण या वेळी मीच तपासलं.

आता तुझं. तुला मी लिहिलं होतं की माफी समक्ष येऊन मागावी. ते पत्र टाकून आले, आणि मग डबा आला, आणि तीन अर्जांवरचा पणजोबांचा ‘समक्ष येऊन न्यावा’ हा शेरा माझ्याच अक्षरात लिहिल्यासारखा दिसला. मला तो म्हातारा मुळीच आवडत नाही. त्याच्यासारखं वागायची हौस नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. ते होईल की नाही हे सांगता येत नाही. पण सोबत एक कागद आहे, तो जपून ठेव.

‘दाखला देण्यात येतो की श्री. शशिकांत लोंढे, मुक्काम रीडिंग, हे खाली सही करणारीचे सख्खे थोरले भाऊ आहेत. त्यांची वर्तणूक १९७१ सालापर्यंत चांगली होती. त्यानंतरची त्यांनी स्वतः लिहून कबूल केलेली आहे. तरी ते ज्या मेजावर येतील तिथे त्यांना जागा द्यावी व जेवू घालावे. हा दाखला आजपासून एक वर्ष चालेल. मुदत संपल्यावर पुन्हा अर्ज करावा. समक्ष येण्याची गरज नाही, टपालाने पाठवला जाईल.’

मधुमती लोंढे