पाचापर्यंतचं बटण

प्रिय भिंगरी,

दूध तापत ठेवलं होतं, बादलीत कपडे भिजत होते आणि मी दुकानाच्या खोलीत केर काढत होते. तुझ्या डोळ्यांसमोर येईल तशीच सकाळ. आधी जमीन, मग काउंटर, मग भिंत. भिंतीवरच्या गिटारी एकेक करून कोरड्या मऊ फडक्याने पुसायच्या, ओलं फडकं तिकडे न्यायचंसुद्धा नाही, हा तुझ्या बाबांचा दंडक. आता भिंतीवर नुसत्या खुंट्या उरल्यात, तरी हात सवयीने वर जातो आणि मी खुंट्याच पुसत बसते. हसू नकोस. तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा धुवावा लागला, कपडे तसेच राहिले, आणि कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. घाईघाईने दुकानातली टोपली बाहेरच्या डब्यात ओतली आणि डबा रस्त्याच्या कडेला ठेवला. गाडीवाल्याने तो उचलून पालथा केला. आजी, आज लवकर, असं तो रोजच्यासारखं म्हणाला, आणि मीही रोजच्यासारखं म्हटलं, मी वेळेवर आहे, तूच उशिरा. त्या सकाळी झालं ते एवढंच. मला तुला लिहायचंय ते त्या सकाळबद्दलच, पण एकदम लिहायला हात धजत नाही. म्हणून आधी इकडची हकीगत सांगते.

हातमोजे येऊन गेले. तेच, जुन्या गिटारी जमवणारे गृहस्थ, पांढरे मोजे घातल्याशिवाय कशाला बोट लावत नाहीत. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. विकायच्या होत्या त्या सगळ्या त्यांनी नेल्या. गिटारींना अडकवलेलं एकही कार्ड न वाचता सोडलं नाही. आपली कार्डं कशी व्हायची ते तुला ठाऊक आहे. बाबा दिव्याखाली गिटार उलटसुलट करत सांगायचे आणि मी लिहायची. दोष आधी, गुण नंतर. लोक लग्न जुळवताना गुण आधी सांगतात आणि मग जन्मभर दोष मोजत बसतात, असं म्हणायचे. माझी शाळा लवकर सुटली. मी धड वाचायला लागले ती या कार्डांच्या नादाने. शब्द चुकला की बाबा हसायचे नाहीत, पण कार्ड पुन्हा लिहायला लावायचे. पुढे वाचनालयातली पुस्तकं घरी यायला लागली, आणि तेव्हा कळलं की पुस्तकवाले गुण आधी सांगतात.

काळ्या गिटारीचं कार्ड आठवतं? मान डोक्यापाशी एकदा तुटून चिकटवलेली, सांधा डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागतो. मधला पिकअप, तारांचा आवाज उचलणारं ते वेटोळं, नंतर पुन्हा गुंडाळलेला. काळा रंग कडांना तपकिरी पडलेला. त्यानंतर कुठे, आवाज खोल, मान सरळ, सगळे स्क्रू मूळचे. पोकळ अंगाच्या, लाल वाइनच्या रंगाच्या गिटारीच्या कार्डावर तर बाबांनी वाससुद्धा लिहायला लावला होता, पेटीच्या अस्तराला जुन्या तंबाखूचा वास येतो म्हणून. हातमोजे तेव्हा म्हणाले होते, वास कशाला लिहिता? बाबा म्हणाले, तुम्ही नाक घरी ठेवून येता का? यंदा नेताना त्यांनी ती पेटी उघडली, मान आत घालून वास घेतला आणि पेटी मिटली. तेवढ्यापुरते ते मला आवडले.

हिरवी दिली नाही. ती तुझी. तिचं कार्ड बाबांनी कधी लिहायला लावलं नाही, विकायची नसलेल्या वस्तूचं कार्ड कशाला, म्हणून. तरी मला ती तोंडपाठ आहे. रंग उडालेला. पुढच्या प्लास्टिकच्या पाटीखाली मूळ हिरवा तसाच आहे, घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी राहते तसा. वरच्या थराला बारीक तडे, वाळलेल्या डबक्याच्या तळासारखे. बाबांचा उजवा हात टेकायचा तिथे तळव्याएवढा रंग जाऊन लाकूड उघडं पडलेलं. पाठीवर त्यांच्या पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे. मानेवरच्या पहिल्या काही घरांत फ्रेट, तारा दाबायच्या त्या धातूच्या पट्ट्या, झिजलेले, कारण फिरून फिरून तीच गाणी. तारा ताणायच्या पिळण्यांपैकी एक घट्ट फिरते. आणि गुण: दोन्ही पिकअप मूळचे, आतलं सोल्डर कुणी हात न लावलेलं, मान पाठीमागून पळीच्या दांड्यासारखी गुळगुळीत, वजन इतकं कमी की म्हातारपणीही मांडीवर जड झाली नाही. खाली फिरवायची तीन बटणं. दोन मूळची, साईच्या रंगाची. आणि तिसरं, आवाजाचं, लाल.

त्या लालची गोष्ट तू हजारदा ऐकलीस, तरी पुन्हा लिहिते. तू एवढीशी होतीस. मूळचं बटण तू ओढून काढलंस आणि ते कुठे गेलं ते सांगेनास. विचारलं की तोंड उघडून दाखवायचीस. आम्हाला वाटलं, गिळलं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा, आणि आम्ही वाट पाहिली, कशाची ते लिहीत नाही. तुझं पोट गुरगुरलं की बाबा म्हणायचे, बघ, आतून आवाज वाढवतेय. ते काही आलं नाही. मग बाबांनी तुझ्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण घेतलं, आत लाकडाची गुडदी बसवली, तिला गिटारीवरच्या बटणाच्या दांड्याएवढं भोक पाडलं, आणि तुझ्या हातात ब्रश देऊन म्हणाले, आकडे तू घाल. तुला पाचापर्यंतच येत होते. पाचच घातलेस, त्यातला तीन उलटा. तेव्हापासून आपल्या घरात आवाज पाचापर्यंत. मी तुझ्यावर ओरडले की बाबा आतून म्हणायचे, अगं, पाचाच्या पुढे गेलीस, तिथे बटण नाही. शेवटी दवाखान्यात त्यांना बोलवेना, तेव्हा मी विचारायची, आज कितीवर? ते दोन बोटं दाखवायचे. एके दिवशी एकच दाखवलं. तुझं विमान वेळेत मिळालं नाही, त्यात तुझा काही दोष नव्हता. हे मी फोनवर सांगितलंय, लिहून कधी दिलं नव्हतं, म्हणून लिहिते.

तर हातमोज्यांनी ती हिरवी पाहिली. विकायची नाही म्हटलं तरी म्हणाले, नुसती बघू द्या. बराच वेळ बघितली. मग पेनाच्या टोकाने लाल झाकणावर टकटक केलं आणि हसले. सगळं मूळचं, आणि मध्येच हे औषधाचं झाकण! भरजरी शालूला गोणपाटाचं ठिगळ! मी म्हटलं, मुलीची आहे ती. ते म्हणाले, मग मुलीला तरी अखंड द्या. भिंगरे, मला तिथेच सांगता आलं असतं की अहो, हे माझ्या नवऱ्याने आणि लेकीने केलंय, शालू तुमचा, ठिगळ आमचं. मी काय केलं? मीही हसले. म्हटलं, ते आपलं तात्पुरतं. परक्या माणसापुढे मला तुम्हा दोघांची लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात बाबांचा खण आवरला. स्प्रिंगा आणि स्क्रू ठेवायची पत्र्याची डबी असायची ना, तिच्या तळाशी एक चिंधी निघाली, निळ्या बदकांची. ती उलगडली तर आत ते बटण. मूळचं, साईच्या रंगाचं, आकडे दहापर्यंत. खाचेत गिटारीच्या पेटीतल्या अस्तराचा पिवळा धागा अडकलेला. म्हणजे गिळलं नव्हतंसच, पेटीच्या अस्तरात कोंबलं होतंस. मी एकटीच मोठ्याने हसले. वाटलं, बिचाऱ्या बाबांना सापडलं असेल आणि बसवायचं राहून गेलं असेल. चमच्याच्या दांड्याने लाल झाकण उचकटलं, मूळचं दाबून बसवलं. टक्क करून बसलं. मग एक कोरं कार्ड घेतलं आणि हिरवीचं पहिलंच कार्ड लिहिलं: सर्व भाग मूळ. इतकी खूश होते की कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. तू येशील तेव्हा अखंड गिटार तुझ्या हातात ठेवीन, असं मनात चाललं होतं. लाल झाकण टोपलीत टाकलं. दुसरी सकाळ म्हणजे ती, दूध उतू गेल्याची.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. रजा मिळाली म्हणालीस, येतेय म्हणालीस. ठेवता ठेवता विचारलंस, लाल बटण आहे ना गं? म्हणालीस, बाबांचा चेहरा दिसतो पण आवाज आठवेनासा झालाय, ते बटण फिरवलं की कदाचित आठवेल. बाबांनी आणि मी मिळून केलेलं तेवढं एकच आहे, असंही म्हणालीस. आणि मी म्हटलं, आहे की, जातंय कुठे. अगदी सहज, साखर आहे का विचारल्यावर म्हणावं तसं. तू विचारलंस, आज कितीवर आहेस, आई? मी म्हटलं, चार.

फोन ठेवल्यावर ती बदकं आठवली. ते तुझं झबलं होतं, शाळेत जायच्या आधीच तुला होईनासं झालं आणि मी त्याची फडकी केली. म्हणजे बाबांना ते बटण तेव्हाच सापडलं होतं. ती डबी ते रोज उघडायचे. बटण बसवायला बरणीचं झाकण लावायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. चुकीच्या स्क्रूपायी अख्खी गिटार परत पाठवणारा माणूस, त्याने इतकी वर्षं ते बसवलं नाही. राहून गेलं नव्हतं. चिंधी मी खण आवरतानाच ओळखली होती, पण तिचं म्हणणं मला ओळखू आलं नाही. जन्मभर त्यांच्यासाठी मूळ, मूळ असं लिहीत आले, म्हणून तो शब्द दिसला की बाकी काही दिसेना.

सकाळी गाडीवाल्याला विचारलं. रोज टोमणे मारणारा माणूस, पण गाडी बंद करून खाली उतरला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आजी, तिथे कचऱ्याचा डोंगर आहे. लाल झाकणं म्हणाल तर टोपलीभर आणून देईन, पण तुमचं कुठलं ते मला कसं कळणार? तो गेला आणि त्याचंच बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. बाबांच्या शेवटच्या औषधाची बाटली अजून घरात होती. तिचंही झाकण लाल. मी ते धुतलं, गुडदी कोरली, भोक पाडलं, पाच आकडे घातले. तीन उलटा घातला. कडा पायरीवर घासून जुन्या केल्या. हात इतकी वर्षं बघत आलेले, शिकलेले. इतकं हुबेहूब झालं की मूळचं काढून ते बसवून पाहिल्यावर मलाच भीती वाटली. तुला कधीच कळलं नसतं. तू ते फिरवलं असतंस, तुला त्यातून बाबा आठवले असते, आणि मी शेजारी उभी राहून बघितलं असतं.

ते मला जमेना. म्हणून हे पत्र. तू निघायच्या आत पोचावं म्हणून जलद टपालाने टाकतेय. फोनवर सांगायला गेले तर पुन्हा आहे की म्हणून बसेन, जिभेचा भरवसा राहिला नाही. बाबा असते तर हे पत्र फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं, कारण गुण आधी लिहिलेत आणि दोष शेवटी. तुमचं लाल झाकण मी टाकलं. तुझ्याशी खोटं मी बोलले. वर तसंच दुसरं करून तुझ्या हातात द्यायलाही मी तयार झाले होते. तू यावंस एवढंच म्हणते. चिडलीस तर चिड, दहापर्यंत चिड, मी ऐकून घेईन. हिरवीची पेटी तू उघडशील तेव्हा मी बाहेर ओट्यापाशी असेन, तू हाक मारलीस तर आत येईन. तिथे तुला काय दिसेल ते आधीच सांगून ठेवते. माझं ते हुबेहूब झाकण तयार झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केर काढला, दूध तापवलं, मग ते झाकण ओढून काढून विळीच्या पाठीने फोडलं. मूळचं बटण बदकांच्या चिंधीत गुंडाळून डबीत होतं तिथे ठेवलं. हिरवीचा तो दांडा उघडाच राहू दिला. आणि नवं कार्ड घेऊन पहिल्या ओळीत लिहिलं: आवाजाचं बटण नाही.

तुझीच,
आई