आईच्या ओळखीचा कॅमेरा

प्रिय वर्षाली बाय,

परवा फोनवर तुझ्यावर उगाच ओरडलो. तू आणि जयेशरावांनी माझ्यासाठी डोंबिवलीत नवा कॅमेरा बघून ठेवलाय, आणि मी म्हटलं, मला भीक नको. असं कुणी बोलतं का पोरीला? पण माझं तोंडच मेलं फाटकं. समोर बसून सांगायला गेलो तर रडू येईल, म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं खोटं नाही. माझा जुना कॅमेरा म्हणजे पंधरा वर्षांचा डबा. झूम अडकतो, बॅटरीच्या झाकणाला रबर लावलंय. पण आपल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या निम्म्या हळदी त्यानेच काढल्यात गं! लग्नाला मोठा फोटोग्राफर सांगायचे, हळदीला मात्र तुझा बाप नामाच पाहिजे. खिशातून काढला की दाबला, नाचणाऱ्या बाया लाजायच्या आत फोटो तयार.

तुझ्या आईचा मात्र एक फोटो धड नाही. ती बाजारात मासळीची पाटी मांडून बसलेली आणि मी समोर उभा. गिऱ्हाईक खोळंबलंय नि याला फोटो सुचतात, म्हणत हातातला कोयता माझ्यावरच उगारायची. सगळ्या फोटोंत कपाळाला आठ्या.

आताची तिची हालत तू बघतेसच. मला भाऊ म्हणते. चहा पिऊन निघा, घरी बायको वाट बघत असेल, म्हणते. आधी मी मोरीत जाऊन रडायचो. आता चहा पितो, थोडा वेळ जिन्यात बसतो आणि परत आत येतो. मोबाइल समोर धरला की घाबरते. शेजारच्या सुहासिनीने धरला, तर पदराने तोंड झाकून फ्रिजच्या आड जाऊन उभी राहिली, अर्धा तास बाहेर येईना. पण दिवाळीत मी सहज हा छोटा कॅमेरा चालू केला. भिंग घरघरत पुढे आलं, आणि काय सांगू तुला, तिने अंबाडा चाचपला, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसली. बेचाळीस वर्षं संसार केला, असं हसू मला कधी दिसलं नव्हतं. नवऱ्याला ओळखत नाही, पण हा डबा ओळखते. तेव्हापासून रोज चार वाजता चहा झाला की तिला खिडकीशी बसवतो आणि फोटो काढतो. दिवसभरात तेवढा वेळच ती माझी असते.

म्हणून नवा नको म्हटलं. नवा बघून ती पुन्हा लपली तर मी काय करू?

आता खरं सांगतो, रागावू नकोस. त्या कॅमेऱ्यात गणपतीपासून फोटो निघतच नाहीत. भिंग पुढे येतं, फ्लॅश उडतो आणि आत नुसता काळोख. दुरुस्तीवाल्या उत्तमने उघडून बघितला, म्हणाला, काका, याचे पार्ट आता मिळायचे नाहीत. तरी मी रोज बटण दाबतो. तिचं ते हसू कुठल्याच फोटोत नाही बाय. डॉक्टर म्हणतात, हेही फार दिवस टिकणार नाही. तर येत्या रविवारी नवा कॅमेरा घेऊन ये. मी माझा डबा धरून तिच्यासमोर बसतो. तू गुपचूप माझ्या पाठीमागे उभी राहा, आणि ती माझ्याकडे बघून हसली की तू काढ.

तुझाच, चुकलेला
बाबा